जपानी बाग, माढ्याचे अंगण

एप्रिल अर्ध्यावर आला की माढ्यात दुपारी रस्ते ओस पडतात. पारा चाळिशी ओलांडतो, विहिरी तळ गाठू लागतात आणि दारातल्या कुंड्यांना पाणी घालतानाही हात आखडतो. अशा गावात जपानी बागेचा विषय काढला, तर कोणालाही तो श्रीमंती चोचला वाटेल. जपानी बाग म्हणजे निळे तळे, त्यावर कमानदार पूल, रंगीत मासे आणि मखमली हिरवळ, असेच चित्र बहुतेकांच्या मनात असते. कॅलेंडरांनी आणि चित्रपटांतल्या गाण्यांनी ते पक्के केले आहे.

प्रत्यक्षात जपानच्या ज्या बागा जगभर सर्वाधिक अभ्यासल्या गेल्या, त्यांतल्या काही बागांत पाण्याचा थेंबही नाही. दगड आणि खडी एवढ्यावरच त्या उभ्या आहेत. माणूस त्यांच्यासमोर तासभर शांत बसतो, तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडते याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. वर्षाला सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटर पावसावर भागवणाऱ्या माढ्यासारख्या तालुक्याला या बागांकडून शिकण्यासारखे बरेच आहे. त्यातले काही तर इथल्या अंगणांना जुनेच ठाऊक आहे.

पुण्यातला नमुना

महाराष्ट्रात जपानी बाग पाहायची, तर पुण्याला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावे लागते. माढा किंवा कुर्डूवाडीहून पुण्याची गाडी पकडणाऱ्या अनेकांनी ते पाहिलेही असेल. सुमारे दहा एकरांच्या या उद्यानाचे दुसरे नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधील ओकायामा शहरातल्या ‘कोराकुएन’ या बागेवरून त्याची रचना केली आहे.

मूळ कोराकुएन बरीच मोठी, सुमारे ३३ एकरांची आहे. तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेने १६८७ साली काम सुरू झाले आणि १७०० साली बाग पूर्ण झाली. महाराष्ट्रात तो छत्रपती संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि ताराराणींच्या धामधुमीचा काळ होता. बाग राजघराण्याची असली, तरी तिच्यात भाताची खाचरे आणि चहाची झुडपेही लावलेली होती. भाताचा एक तुकडा आजही राखला आहे. १८८४ साली ती सर्वांसाठी खुली झाली. १९३४ च्या महापुरात आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तिचे मोठे नुकसान झाले. जुनी चित्रे आणि नकाशे समोर ठेवून ती पुन्हा उभी करण्यात आली. ‘कोराकुएन’ हे नाव मात्र तिला १८७१ साली मिळाले. त्या नावाचा अर्थ माढेकरांनी आवर्जून ऐकावा असा आहे. तो पुढे येईल.

चार प्रकार, चार अर्थ

पुण्याची बाग हा जपानी बागांचा एकच प्रकार झाला. ढोबळमानाने चार प्रकार सांगता येतात.

पहिला तळे आणि टेकडीच्या बागांचा. मधोमध तळे, तळ्यातून काढलेल्या मातीच्या टेकड्या आणि भोवतीने फिरणारी वाट. ही वाट सरळ नेत नाहीत. प्रत्येक वळणावर आधीचे दृश्य झाकले जाते आणि नवे उघडते. तळ्यातल्या बेटांनाही अर्थ असतो. एक बेट कासवाचे, एक करकोच्याचे. दोन्ही दीर्घायुष्याची चिन्हे. बागेबाहेरचा डोंगर किंवा किल्ला झाडांच्या फटीतून असा दिसू द्यायचा, की तो बागेचाच भाग वाटावा. याला ‘शाक्केइ’, म्हणजे उसने घेतलेले दृश्य म्हणतात. कोराकुएनने शेजारचा ओकायामाचा किल्ला असाच उसना घेतला आहे.

दुसरा प्रकार कोरड्या बागेचा, ‘कारेसान्सुइ’. शब्दशः अर्थ ‘वाळलेले डोंगर-पाणी’. उभे दगड म्हणजे डोंगर आणि दंताळ्याने रेघा ओढलेली पांढरी खडी म्हणजे नदी किंवा समुद्र. मधल्या उंच दगडाला अनेक ठिकाणी ‘शुमिसेन’ म्हणतात. हा शुमिसेन म्हणजे आपला सुमेरू पर्वत. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तो जपानला पोचला. या बागा ज्या झेन पंथाच्या मठांत बहरल्या, त्या ‘झेन’ शब्दाचे मूळही संस्कृत ‘ध्यान’ हेच आहे. ध्यानाचे चिनी भाषेत ‘चान’ झाले आणि जपानीत ‘झेन’.

तिसरा प्रकार चहाघराकडे नेणाऱ्या बागेचा. चहापानाचा विधी सुरू होण्याआधी पाहुण्याच्या मनातली बाहेरची गडबड उतरावी, हे तिचे काम. वाटेवर सपाट पण ओबडधोबड दगड एकेक पावलाच्या अंतरावर टाकलेले असतात. पाऊल जपून टाकावे लागते, म्हणून नजर खाली जाते आणि चाल आपोआप मंदावते. पुढे दगडी कुंडी येते. ती मुद्दाम बुटकी असते. वाकल्याशिवाय हात धुता येत नाहीत. चहाघराचे दारही इतके लहान, की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकूनच आत शिरावे लागे. शेतातून आलेला माणूस हातपाय धुऊनच उंबरा ओलांडतो, त्यामागची भावना यापेक्षा फार वेगळी नाही.

चौथा प्रकार सर्वात लहान, घराच्या पोटातल्या चौकाचा, ‘त्सुबोनिवा’. क्योतो शहरातली जुनी व्यापारी घरे अरुंद आणि खोल असत. उजेड आणि वारा आत यावा म्हणून मधे छोटा चौक सोडत. त्यात दगडी दिवा, एखादे झाड आणि पाण्याची कुंडी एवढेच असे. माढ्या-बार्शीकडच्या जुन्या वाड्यांत माळवदाच्या खोल्यांमधला चौक आणि त्यातले तुळशीवृंदावन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

चारही प्रकारांत एक गोष्ट समान असते, रिकामी सोडलेली जागा. जपानीत तिला ‘मा’ म्हणतात. ते अक्षर दाराच्या चौकटीत दिसणारा सूर्य अशा चित्रातून लिहिले जाते. दारातून सूर्य दिसायचा, तर मधे मोकळी जागा हवी. जपानी माळी ही मोकळी जागा झाडाइतक्याच काळजीने ‘लावतो’.

रिकाम्या जागेचे गणित

क्योतोमधील र्‍योआन-जी मंदिराची बाग कोरड्या बागांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे. १९९४ साली तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद खडीच्या आयतात पाच गटांत मिळून १५ दगड आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी थोडे शेवाळ. बस, एवढेच. ओसरीवर कुठेही बसले, तरी एक ना एक दगड दुसऱ्यामागे लपतो आणि पंधराही दगड एकदम दिसत नाहीत. या दगडांचे अर्थ लोकांनी परोपरीने लावले. कोणी पिलांना घेऊन नदी ओलांडणारी वाघीण पाहिली, कोणी समुद्रातली बेटे.

२००२ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत गर्ट व्हॅन टोंडर, मायकेल लायन्स आणि योशिमिची एजिमा या संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला. त्यांनी दगडांऐवजी दगडांमधली रिकामी जागा मोजली. शेजारच्या दगडांपासून सारख्या अंतरावर असणारे बिंदू जोडत गेल्यावर कागदावर झाडासारखी आकृती उमटली. खोड, त्याला फुटलेल्या फांद्या, फांद्यांना फुटलेल्या डहाळ्या. हे खोड मंदिराच्या ज्या दालनातून बाग पाहायची, त्याच्या मध्याकडे येत होते. संगणकावर दगड इकडेतिकडे हलवून पाहिले, तेव्हा ही रचना मोडली. डोळ्याला झाड दिसत नाही, पण मांडणीत झाडाची घडण असते आणि नकळत ती जाणवत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. बाग रचणाऱ्यांनी हे गणित मांडून केले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नजरेने ते साधले.

थकलेल्या मेंदूची विश्रांती

अशा जागी मनाला बरे का वाटते? मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात याचे एक स्पष्टीकरण दिले. हिशेब करणे, गाडी चालवणे, मोबाइलवर एकामागून एक संदेश वाचणे यासाठी लक्ष मुद्दाम रोखून धरावे लागते. ही क्षमता स्नायूसारखी थकते. मग चिडचिड होते, चुका होतात, काही सुचेनासे होते. पानांची सळसळ, पाण्यावरची लहर किंवा खडीतली रेघ लक्ष वेधते, पण ओढत नाही. या सौम्य आकर्षणात रोखून धरलेले लक्ष सैल सुटते आणि पुन्हा ताजे होते. जपानी बागेतले वळण, आडोसा, मोकळी जागा हे सारे याच कामाला लागलेले दिसते.

रुग्णांच्या बाबतीत अधिक थेट पुरावा अमेरिकेतून आला. रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयातल्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या आणि १९८४ साली ‘सायन्स’ या पत्रिकेत निष्कर्ष मांडले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या, वय आणि इतर बाबींत जुळणाऱ्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकांचे तीव्र डोस कमी लागले.

हा अभ्यास लहान होता आणि एकाच रुग्णालयातला होता, हे विसरून चालणार नाही. बाग पाहून मधुमेह जात नाही आणि रक्तदाबाची गोळीही बंद करायची नसते. पण उपचारांच्या जोडीला शांत, हिरवी, नीटनेटकी जागा डोळ्यांपुढे असणे हितकारक ठरू शकते, एवढे यावरून म्हणता येते. रुग्णांचे नातेवाईक तासन्‌तास ताटकळतात त्या दवाखान्याच्या आवारात एखादे सावलीचे झाड, चार दगड आणि बसायला कट्टा असणे ही त्यामुळे चैन राहत नाही.

हिरवळीचा हिशेब

इथे नकलेचा धोका सुरू होतो. जपानी बाग म्हणून बहुतेकदा हिरवळ आणि कारंजे उचलले जाते. क्योतोत वर्षाला सुमारे पंधराशे मिलिमीटर पाऊस पडतो, माढ्याच्या अडीच-तीन पट. तिथे शेवाळ आपसूक वाढते. इथे ते मे महिन्यात आठवडाही तग धरणार नाही.

साधा हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाचच मिलिमीटर पाणी धरले, तरी हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या हिरवळीला रोज ४६५ लिटर लागतात. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने ही एक हिरवळ आठ माणसांचे पाणी पिते. ज्या तालुक्यात ११७ टीएमसीचे उजनी धरण उभे आहे, तिथेही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसे असतात. तेव्हा हा हिशेब सोपा राहत नाही.

कोरड्या बागेचे महत्त्व इथे कळते. पाणी नसेल तिथे पाण्याची आठवण पुरते, असे ती सांगते. सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसाल्ट दगडावर वसला आहे. नांगरताना निघालेले, बांधावर फेकलेले दगडच बागेचे डोंगर होऊ शकतात. ‘साकुतेइकी’ हा जपानमधील बागरचनेचा सर्वात जुना ज्ञात ग्रंथ अकराव्या शतकातला मानला जातो. त्याचा आरंभच दगड मांडण्याच्या कलेने होतो. दगडाचा कल कुठे आहे ते पाहा आणि त्याच्या मागणीप्रमाणे तो बसवा, असा त्याचा रोख आहे. गडी-माणसे बांध घालताना दगड फिरवून फिरवून त्याची ‘बैठक’ पाहतात, तीच ही नजर.

मात्र क्योतोची पांढरी खडी जशीच्या तशी माढ्यात आणू नये. तिथे ती मंदिराच्या अंधाऱ्या दालनात उजेड परावर्तित करते. इथल्या उन्हात तिची तिरीप डोळ्यांना सोसणार नाही. काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता सोडत राहतो, म्हणून तो झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लागून मांडू नये. आधी सावली, मग दगड हा क्रम ठेवावा. त्यासाठी कडुनिंब आणि करंज आहेत. एकदा रुजले की ही झाडे फारसे पाणी मागत नाहीत. खाली बारीक मुरूम पुरतो.

सडा म्हणजेच ‘उचिमिझु’

क्योतोच्या चौकांचे शास्त्र उष्णतेच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. घरात दोन मोकळ्या जागा असतील आणि त्यांतली एक सावलीची व ओली, दुसरी उन्हाची व कोरडी असेल, तर गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला गार हवा घरातून वाहू लागते. त्यासाठी चौकात आणि दारापुढे सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतात. या रिवाजाला ‘उचिमिझु’ म्हणतात. माढ्यात त्याला सडा म्हणतात.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. एक हजार वॅटची विजेची शेगडी चाळीस मिनिटांत तेवढी उष्णता देते. ही उष्णता जमिनीतून आणि आसपासच्या हवेतून खेचली जाते, म्हणून गारवा वाटतो. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जलद. त्यामुळे दमट क्योतोपेक्षा कोरड्या माढ्यात उन्हाळी सडा अधिक परिणामकारक ठरतो. २००३ पासून टोकियोत ठरल्या वेळी अनेकांनी मिळून पाणी शिंपडण्याची मोहीम राबवली गेली. तिचा नियम असा, की नळाचे पाणी वापरायचे नाही. वापरून झालेले किंवा साठवलेले पावसाचे पाणीच घ्यायचे. इथेही भाजी आणि तांदूळ धुतलेले पाणी यासाठी पुरेसे आहे. पाणी मातीवर किंवा मुरमावर, ऊन उतरल्यावर शिंपडावे.

झेन मठातले भिक्षू खडीवर दंताळ्याने रेघा ओढतात. वारा-पाऊस त्या पुसतो आणि भिक्षू पुन्हा ओढतात. हे काम करणे हीच साधना मानली जाते. सकाळी अंगण झाडून, सडा टाकून, रोज पुसली जाणारी रांगोळी रोज नव्याने काढणाऱ्या बाईला ही साधना परकी नाही. फरक एवढाच, की तिच्या कामाला साधना म्हणायचे कोणाला सुचले नाही. अंगणात सिमेंट आले, रांगोळीचे स्टिकर आले, तेव्हा गारवा गेला आणि दिवसातली ती शांत दहा मिनिटेही गेली.

घ्यायचे काय, टाळायचे काय

जपानी कुंडीची नक्कल करताना आरोग्याचे एक पथ्य पाळावे लागते. तिथल्या बऱ्याच कुंड्यांत बांबूच्या नळीतून पाणी सतत येत-जात असते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि उन्हाळी तापमानात आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून चिमण्यांसाठी ठेवलेले भांडे असो वा शोभेची कुंडी, आठवड्यातून एकदा ती रिकामी करून, घासून, कोरडी करावी. टाके मोठे असेल तर गप्पी मासे सोडावेत. पावलांचे ओबडधोबड दगडही घरात वृद्ध असतील तर टाळलेले बरे. चाल मंदावणे चांगले, पण पडून खुब्याचे हाड मोडणे परवडत नाही. त्यांच्यासाठी सपाट वाट, कठडा आणि सावलीतला कट्टा हवा.

बाकी जे घ्यायचे, त्याला पैसे लागत नाहीत. अंगणाचा थोडा भाग फरशीविना मोकळा ठेवणे. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आवारात कोपरा न् कोपरा भरून टाकण्याऐवजी एक झाड, तीन दगड आणि भोवती मोकळी जागा सोडणे. दूरचा माळ, देवळाचे शिखर किंवा मावळतीचे आभाळ दिसेल अशा बाजूला कट्टा बांधणे. हे उसने दृश्य माढ्यात कोणालाही फुकट मिळते.

राहिला ‘कोराकुएन’चा अर्थ. ‘को’ म्हणजे नंतर, ‘राकु’ म्हणजे सुख, ‘एन’ म्हणजे बाग. हे नाव एका जुन्या चिनी वचनावरून घेतले आहे. राज्यकर्त्याने लोकांच्या आधी चिंता वाहावी आणि सुख मात्र लोकांच्या नंतर भोगावे, असा त्याचा आशय. बागेच्या नावातच तिचा क्रम सांगितला आहे, आधी लोकांची तहान आणि मग तळे. माढ्यात जपानी बाग करायची असेल, तर सुरुवात या नावापासून करावी. ती ज्या अंगणात उभी राहील, तिथे कारंजे नसेल. सांजेला सडा पडलेला असेल, करंजाखाली दोन काळे दगड असतील आणि दिवसभर राबून आलेले कोणीतरी हातपाय धुऊन तिथे घटकाभर टेकलेले असेल.